दुकानाचे दार आणि ग्राहकाचा हात : ऑनलाइन वस्त्रविक्रीच्या संकेतस्थळरचनेची चिकित्सा

सारांश

ऑनलाइन वस्त्रविक्रीच्या संकेतस्थळाची परिणामकारकता सामान्यतः त्याच्या आकर्षकतेवरून अथवा विक्रीच्या आकड्यांवरून ठरविली जाते. प्रस्तुत लेखात या दृष्टिकोनाची चिकित्सा केली आहे. कपडा ही स्पर्शाने पारखण्याची वस्तू असल्यामुळे स्पर्शाची उणीव संकेतस्थळ किती प्रामाणिकपणे भरून काढते, हा मूल्यमापनाचा मुख्य निकष असला पाहिजे, असे येथे प्रतिपादन केले आहे. लंडन येथील बू डॉट कॉम (१९९९-२०००) आणि बंगळूरु येथील मिंत्रा (२०१५-१६) या दोन उदाहरणांच्या आधारे प्रवेश, परिचय आणि परती या तीन निकषांची मांडणी केली असून भारतातील ग्राहकविषयक नियमांच्या संदर्भात त्यांचे महत्त्व तपासले आहे.

बीजसंज्ञा : संकेतस्थळरचना, ऑनलाइन वस्त्रविक्री, उपयोगसुलभता, सुगम्यता, ग्राहकहक्क.

प्रास्ताविक

कापडाच्या दुकानात होणारा व्यवहार बारकाईने पाहिला तर त्यात बोलण्यापेक्षा हाताळण्याला अधिक स्थान असल्याचे दिसून येते. ग्राहक कापड बोटांत धरून त्याचा पोत पाहतो. दिव्याच्या प्रकाशावर विश्वास न ठेवता ते दारापर्यंत नेऊन उन्हात रंग पारखतो. साडीचा पदर उलटा करून मागची बाजू तपासतो. शर्ट खांद्याला लावून मापाचा अंदाज घेतो. रंग जाईल का, धुतल्यावर आटेल का, असे प्रश्न विचारतो आणि दुकानदाराच्या उत्तराइतकाच त्याच्या चेहऱ्याचाही अर्थ लावतो. शेवटी, घरी पसंत पडले नाही तर बदलून मिळेल काय, याची खात्री करून घेतो.

संकेतस्थळावर यांपैकी एकही कृती शक्य नसते. तेथे ग्राहकाजवळ केवळ डोळे असतात आणि त्या डोळ्यांपुढे विक्रेत्याने निवडलेली छायाचित्रे व विक्रेत्यानेच लिहिलेला मजकूर असतो. म्हणून वस्त्रविक्रीच्या संकेतस्थळाची रचना हा केवळ सजावटीचा प्रश्न राहत नाही. ज्या ज्ञानाच्या आधारे ग्राहक निर्णय घेत असे, ते ज्ञान त्याला दुसऱ्या मार्गाने मिळवून देण्याचा तो प्रश्न होतो. पुस्तक किंवा रेल्वेचे तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळापुढे हा प्रश्न इतक्या तीव्रतेने उभा राहत नाही, कारण पुस्तकाची प्रत सर्वत्र सारखीच असते. कपडा मात्र प्रत्येक अंगावर वेगळा बसतो.

वाणिज्य आणि संगणकशास्त्र या दोन्ही विद्याशाखांत या विषयाचे अध्यापन होते. तथापि, वाणिज्याच्या वर्गात विक्रीवृद्धीचा आणि संगणकशास्त्राच्या वर्गात तंत्राचा विचार होतो. ग्राहकाच्या बाजूचा विचार दोन्हींच्या मध्ये निसटून जातो. तो निसटलेला विचार पुढे आणणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

मूल्यमापनाचे निकष

संकेतस्थळांच्या उपयोगसुलभतेचा शास्त्रीय विचार विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ झाला. जेकब निल्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेली दहा तत्त्वे आजही अभ्यासक्रमांत शिकविली जातात. यंत्रणेची स्थिती वापरणाऱ्याला कळत राहावी, तिची भाषा वापरणाऱ्याच्या व्यवहारातील असावी, चुकलेल्या पावलावरून सहज मागे येता यावे, अनावश्यक मजकूर टाळावा, असा त्यांचा आशय आहे. स्टीव्ह क्रुग यांचे ‘डोन्ट मेक मी थिंक’ हे पुस्तक २००० मध्ये प्रसिद्ध झाले. वापरणाऱ्याला प्रत्येक पावलावर विचार करीत थांबावे लागू नये, हे त्याचे सूत्र त्याच्या शीर्षकातच आले आहे.

ही तत्त्वे सर्वसामान्य असून ती कोणत्याही संकेतस्थळाला लागू पडतात. वस्त्रविक्रीच्या विशिष्ट स्वरूपाचा विचार करता त्यांची तीन निकषांत फेरमांडणी करता येते. पहिला निकष प्रवेशाचा : ग्राहकाजवळ जे साधन, जो वेग आणि जी क्षमता आहे, तिच्या बळावर त्याला दुकानात शिरता येते काय? दुसरा निकष परिचयाचा : आत आल्यावर वस्तूचे खरे स्वरूप त्याला कळते काय? तिसरा निकष परतीचा : नकार देणे, मागे फिरणे आणि घेतलेली वस्तू परत करणे त्याला तितकेच सोपे आहे काय? आकर्षकतेचा समावेश या तिहींत हेतुतः केलेला नाही. आकर्षकता अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नव्हे. या तीन गोष्टी साध्य झाल्यानंतरच तिला अर्थ प्राप्त होतो, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

बू डॉट कॉम : बंद दारामागील वैभव

ऑनलाइन वस्त्रविक्रीच्या इतिहासात बू डॉट कॉमचे उदाहरण वारंवार दिले जाते. एर्न्स्ट माल्मस्टेन, काय्सा लेआंडर आणि पॅट्रिक हेडेलिन या स्वीडिश उद्योजकांनी लंडनमध्ये ही कंपनी स्थापन केली. माल्मस्टेन आणि लेआंडर यांना बोकुस या ऑनलाइन पुस्तकविक्रीच्या उपक्रमाचा अनुभव होता. नामांकित ब्रँडचे खेळाचे व फॅशनचे कपडे एकाच वेळी अनेक देशांत, त्या त्या देशाच्या भाषेत आणि चलनात विकावयाचे, अशी त्यांची योजना होती. मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी तिला पाठबळ दिले. अनेकदा लांबणीवर पडल्यानंतर नोव्हेंबर १९९९ मध्ये हे संकेतस्थळ सुरू झाले. मे २००० मध्ये, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांनंतर, कंपनी अवसायनात गेली. तोवर सुमारे १३.५ कोटी डॉलर खर्च झाले होते.

या संकेतस्थळाची रचना त्या काळी अपूर्व होती, हे मान्य केले पाहिजे. कपडा सर्व बाजूंनी फिरवून पाहता येई, जवळ आणून त्याची शिवण न्याहाळता येई आणि पडद्यावरील पुतळ्यावर तो चढवून पाहण्याची सोय होती. ‘मिस बू’ नावाची एक काल्पनिक विक्रेती ग्राहकाला सोबत करीत असे. स्पर्शाची उणीव भरून काढण्याचा हा गंभीर प्रयत्न होता. परिचयाच्या निकषावर बू डॉट कॉमचा हेतू आजच्या अनेक संकेतस्थळांपेक्षा सरस ठरेल. वस्तू विनामूल्य परत करण्याची सवलतही तेथे दिलेली होती, त्यामुळे परतीच्या निकषावरही ते कमी पडत नाही.

ते कमी पडले ते पहिल्याच निकषावर. त्या काळी बहुसंख्य घरांत इंटरनेट दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमद्वारे येत असे. ५६ किलोबिट वेगाच्या मोडेममधून आदर्श स्थितीतही सेकंदाला केवळ ७ किलोबाइट माहिती येते. या हिशेबाने ३०० किलोबाइटचे एक पान उघडण्यास सुमारे ४३ सेकंद लागतील, आणि प्रत्यक्षातील वेग नेहमी याहून कमीच असे. बू डॉट कॉमची रचना मात्र चित्रांनी, हलत्या आकृत्यांनी आणि संगणकीय आज्ञावलींनी भरलेली होती. एका खिडकीतून दुसरी खिडकी उघडत जाई. मॅकिंटॉश संगणक वापरणाऱ्यांना तर आरंभी या दुकानात शिरताच येत नव्हते. फॅशन आणि आरेखन या क्षेत्रांत काम करणारा वर्ग प्रामुख्याने तोच संगणक वापरीत असे, ही गोष्ट ध्यानात घेतली की या त्रुटीचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते. पुढे हलक्या स्वरूपातील आवृत्ती आणण्यात आली, कर्मचाऱ्यांची कपात झाली, किमतीही उतरविण्यात आल्या. परंतु तोवर पैसा आणि विश्वास दोन्ही संपत आले होते.

‘काळाच्या पुढे’ या युक्तिवादाची तपासणी

बू डॉट कॉमविषयी एक मत आता जवळजवळ प्रमाण म्हणून स्वीकारले गेले आहे. ते संकेतस्थळ काळाच्या पुढे होते. वेगवान इंटरनेट येण्याची वाट पाहिली असती तर ते यशस्वी झाले असते, असे ते मत. फिरणारी चित्रे, आभासी विक्रेती, अनेक चलने या सर्व गोष्टी पुढील दोन दशकांत सर्वत्र रूढ झाल्या, हा त्याचा आधार. मात्र हा युक्तिवाद तीन कारणांमुळे टिकत नाही.

पहिले कारण असे की, रचनेचा काळ हा रचनाकाराचा काळ नसून वापरणाऱ्याचा काळ असतो. कवीने पुढील पिढीसाठी लिहिणे समजू शकते. दुकानदाराला मात्र आज दारात उभ्या असलेल्या माणसालाच माल विकावयाचा असतो. ज्या ग्राहकासाठी दुकान थाटले त्याच्याच घरी ते उघडत नसेल, तर त्याला ‘पुढे’ म्हणण्यापेक्षा ‘दूर’ म्हणणे अधिक योग्य ठरेल.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे. योग्य मार्ग त्या वेळी अज्ञात होता, असे म्हणता येत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची सुगम्यतेविषयीची पहिली मार्गदर्शक तत्त्वे मे १९९९ मध्ये, म्हणजे बू डॉट कॉम सुरू होण्यापूर्वी सहा महिने प्रसिद्ध झाली होती. चित्राला शब्दांचा पर्याय द्यावा, आज्ञावली बंद असतानाही पान वापरता यावे, या अपेक्षा त्यांत स्पष्टपणे नमूद होत्या. ही तत्त्वे प्रामुख्याने अपंग व्यक्तींसाठी असली तरी मंद तार आणि जुना संगणक असणाऱ्यालाही त्यांचा लाभ होतो. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. ते ज्ञान आपल्या ग्राहकाला लागू आहे, हे मानण्याची होती.

तिसरे कारण तौलनिक आहे. १९९९ मध्येच अमेरिकेत झॅपोस हे पादत्राणे विकणारे संकेतस्थळ सुरू झाले. पादत्राण हीसुद्धा मापाशिवाय आणि घालून पाहिल्याशिवाय न घेण्याची वस्तू. झॅपोसने दृश्य चमत्कृतीच्या मागे न लागता दूरध्वनीवर बोलणारी माणसे, वस्तू विनामूल्य परत करण्याची सोय आणि त्यासाठी पुढे ३६५ दिवसांची मुदत यांवर भर दिला. पडद्यावर जे कळणे अशक्य आहे ते ग्राहकाच्या घरात, त्याच्याच पायाला कळू दे, असा त्यामागील विचार होता. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ही कंपनी विकत घेतली. त्याच काळात, त्याच मंद तारेवर वेगळी रचना तग धरू शकली, यावरून दोष काळाचा नव्हता हे सिद्ध होते.

माल्मस्टेन यांनी सहलेखकांच्या साहाय्याने ‘बू हू’ या नावाने या उपक्रमाची कहाणी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. यशाच्या कथा विपुल असलेल्या या क्षेत्रात अपयशाचे आतून केलेले असे लेखन दुर्मिळ असल्याने अभ्यासकांनी ते आवर्जून पाहावे. मात्र अशी आत्मकथने स्वभावतः संस्थापक, गुंतवणूकदार आणि तंत्रज्ञ यांच्याभोवती फिरतात. पान उघडण्याची वाट पाहून कंटाळलेला आणि काही न घेता निघून गेलेला ग्राहक आपली कहाणी लिहीत नाही. समीक्षेने त्याची बाजू मांडली नाही, तर ती अनुक्तच राहते.

मिंत्रा : एकाच दाराचा आग्रह

बू डॉट कॉमचा दोष केवळ मंद तारेचा असता तर वेग वाढल्यावर तो नाहीसा व्हावयास हवा होता. भारतातील अनुभव तसे सांगत नाही. मिंत्रा ही कंपनी बंगळूरु येथे २००७ मध्ये सुरू झाली. आरंभी नावे छापलेल्या भेटवस्तू विकणारी ही कंपनी पुढे वस्त्रविक्रीकडे वळली आणि २०१४ मध्ये फ्लिपकार्टने ती विकत घेतली. मे २०१५ मध्ये मिंत्राने आपले संकेतस्थळ बंद केले व केवळ मोबाइलवरील अ‍ॅपद्वारे विक्री सुरू ठेवली. बहुतांश ग्राहक मोबाइलवरूनच येतात आणि अ‍ॅपमुळे प्रत्येकाला त्याच्या आवडीनुसार माल दाखविता येतो, असे त्यामागील कारण होते. सुमारे एका वर्षाने, १ जून २०१६ रोजी, संगणकावरील संकेतस्थळ पुन्हा सुरू करण्यात आले. मोबाइलच्या ब्राउझरवरील आवृत्ती त्यापूर्वीच परत आणली गेली होती.

येथे तांत्रिक दिखाऊपणा नव्हता. उलट आकडेवारीचा आधार होता. तरीही निर्णय मागे घ्यावा लागला. याचे कारण ‘बहुतांश’ या शब्दात दडलेले आहे. बहुतांश ग्राहक मोबाइलवरून येतात याचा अर्थ प्रत्येक ग्राहक प्रत्येक वेळी मोबाइलवरूनच येतो, असा होत नाही. एकच व्यक्ती प्रवासात मोबाइलवर कपडे चाळते आणि घरी मोठ्या पडद्यावर चार नमुने शेजारी शेजारी ठेवून निवड करते. साडीसारख्या मोठ्या विस्ताराच्या वस्त्राचे काठ, पदर आणि अंगावरील बुट्टे यांचा परस्परसंबंध हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर पुरेसा उमगत नाही. शिवाय २०१५ मध्ये जिओची सेवा सुरू व्हावयाची होती. ती सप्टेंबर २०१६ मध्ये आली आणि त्यानंतर देशात डेटा स्वस्त झाला. तत्पूर्वी अल्प स्मृतिक्षमतेच्या फोनवर आणखी एक अ‍ॅप उतरवून घेणे हा अनेकांच्या दृष्टीने खर्चाचा आणि अडचणीचा भाग होता.

अ‍ॅपच्या आग्रहामागील आणखी एक बाब दुर्लक्षिता येत नाही. संकेतस्थळावर ग्राहक एका खिडकीत एक दुकान आणि दुसऱ्या खिडकीत दुसरे दुकान उघडून किमतीची तुलना करतो. अ‍ॅपमध्ये तो एका दुकानातच राहतो आणि त्याच्या हालचालींची नोंद विक्रेत्याला अधिक सलगपणे मिळते. विक्रेत्याच्या सोयीचे दार आणि ग्राहकाच्या सोयीचे दार यांतील हा भेद आहे. बू डॉट कॉमने ग्राहकाजवळ नसलेला वेग गृहीत धरला, तर मिंत्राने ग्राहकाला हवा असलेला पर्याय काढून घेतला. दोहोंत एक गोष्ट समान आहे : ग्राहकाने कसे यावे हे विक्रेत्याने ठरविले. मिंत्राने ही चूक वर्षभरात दुरुस्त केली आणि व्यवसाय टिकविला, हेही नमूद करणे न्याय्य ठरेल.

प्रवेशाचा विचार करताना भाषा आणि शारीरिक क्षमता यांचाही समावेश करावा लागतो. ‘दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६’ ने माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेला कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. फिकट करड्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ही वस्त्रविक्रीच्या संकेतस्थळांची आवडती शैली आहे. सुगम्यतेच्या तत्त्वांनुसार सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. तरुण डोळ्यांना जे अभिजात वाटते ते साठीच्या ग्राहकाला वाचताही येत नसेल, तर त्या अभिजाततेचा फेरविचार आवश्यक आहे.

परिचय : माप, पोत आणि रंग

दुसरा निकष परिचयाचा. या बाबतीत बहुसंख्य संकेतस्थळांची भिस्त छायाचित्रांवर असते. परंतु ग्राहकाला जे कळावयास हवे, त्यातील मोठा भाग छायाचित्रात नसतोच.

मापाचे उदाहरण प्रथम घेता येईल. लहान, मध्यम, मोठे ही मापे निरनिराळ्या ब्रँडमध्ये निरनिराळी असतात. भारतात दीर्घकाळ परदेशी मापतक्त्यांचाच आधार घेतला गेला. भारतीयांच्या शरीरमापांचा स्वतंत्र तक्ता तयार करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळावर देशाच्या विविध विभागांतील २५,००० हून अधिक व्यक्तींच्या मोजणीचा प्रकल्प हाती घेतला. असा प्रकल्प आवश्यक ठरावा, यातच प्रश्नाचे गांभीर्य दिसते. संकेतस्थळाच्या रचनेत याचे उत्तर सोपे आहे, पण क्वचितच दिले जाते. अंगाचे माप आणि तयार कपड्याचे माप ही दोन्ही स्वतंत्रपणे द्यावयास हवीत. ३८ इंच छातीसाठी शिवलेला कुर्ता प्रत्यक्षात ४० किंवा ४२ इंचांचा असतो, कारण हालचालीसाठी सैल जागा सोडलेली असते. संकेतस्थळावरील ‘३८’ हा आकडा यांपैकी कशाचा, हे न सांगणे म्हणजे ग्राहकाला अंदाजावर सोडणे होय. छायाचित्रातील व्यक्तीची उंची आणि तिने घातलेले माप नमूद केल्यास लांबीची कल्पना येते.

पोताचेही तसेच आहे. कापडाचा जाडपणा प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये सांगता येतो. ही माहिती उत्पादकाजवळ असते, पण ती पानावर क्वचितच येते. त्याऐवजी ‘प्रीमियम’, ‘लक्झुरिअस’ अशी विशेषणे येतात. विशेषण तपासता येत नाही, आकडा तपासता येतो. कदाचित म्हणूनच विशेषणांची रेलचेल असावी.

महाराष्ट्राच्या दृष्टीने पैठणीचे उदाहरण बोलके आहे. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीच्या पदरावरील नक्षी मागच्या बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते. तेथे सुटे धागे लोंबत नाहीत. म्हणून जाणकार स्त्रिया दुकानात प्रथम पदर उलटून पाहतात. संकेतस्थळांवर मात्र पैठणीची छायाचित्रे बहुधा समोरून, साडी नेसलेल्या स्त्रीच्या अंगावरच घेतलेली असतात. पदराच्या उलट बाजूचे एक साधे छायाचित्र जे सांगू शकते ते दहा सजविलेली छायाचित्रे सांगू शकत नाहीत. तयार कपड्यांसाठी बनविलेला साचा साडीला जसाच्या तसा लावण्याचा हा परिणाम आहे. त्या साच्यात ‘साइज’ हा रकाना असतो, लांबीचा नसतो. नऊवारीसाठी सुमारे ८.२ मीटर कापड लागते आणि सहावारीसाठी सुमारे ५.५ मीटर, ब्लाउजपीस त्यात धरले आहे की वेगळे आहे, हा प्रश्न प्रत्येक खरेदीत उपस्थित होतो. रचनेने या प्रश्नासाठी जागा ठेवलेली नसेल, तर ती रचना साडीसाठी केलेलीच नाही, असे म्हणावे लागते.

रंगाच्या बाबतीत मर्यादा तंत्राचीच आहे. प्रत्येक पडदा तोच रंग वेगळ्या छटेत दाखवितो. अशा वेळी शब्द साहाय्यास येऊ शकतात. मराठीत अबोली, आमसुली, मोरपंखी, डाळिंबी, अंजिरी अशी रंगांची नावे ओळखीच्या वस्तूंशी जोडलेली आहेत. ‘पर्पल’ या एका शब्दातून जो बोध होत नाही तो ‘आमसुली’ आणि ‘जांभळा’ यांतील भेदातून होतो. भारतीय भाषांतील संकेतस्थळ म्हणजे इंग्रजी बटणांचे भाषांतर नव्हे. वस्त्रांविषयीचे जे ज्ञान भाषेत साठलेले आहे, ते ग्राहकापर्यंत पोहोचविणे म्हणजे भाषिक सुगम्यता होय.

परती : नकाराचा अधिकार

तिसरा निकष परतीचा. दुकानात वीस साड्या पाहून एकही न घेता उठण्याचा अधिकार ग्राहकाला असतो. दुकानदार थोडा नाराज होतो, पण तो दाराला कडी लावीत नाही. संकेतस्थळाच्या रचनेत अशी कडी नकळत लावता येते. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्या प्रतिबंधासाठी मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्या आणि अशा १३ प्रकारांची यादी दिली.

यांतील अनेक प्रकार वस्त्रविक्रीत सहज शक्य असलेले आहेत. ‘केवळ दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करणे, ग्राहकाच्या टोपलीत न विचारता जादा वस्तू किंवा देणगी घालणे, नकाराच्या बटणावर ‘नको, मला सुंदर दिसायचे नाही’ अशा थाटाची लाज आणणारी भाषा लिहिणे, अखेरच्या पायरीवर नवे शुल्क उघड करणे, जाहिरातीला सामान्य मजकुराचे रूप देणे हे त्यांपैकी काही. ‘ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२०’ नुसार ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतून मिळाली पाहिजे. आधीच खूण केलेल्या चौकटीतून ती गृहीत धरता येत नाही. जाहिरातीत वर्णन केल्याप्रमाणे वस्तू नसेल, तर ती परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, असेही हे नियम सांगतात.

या क्लृप्त्या विक्रीच्या आकड्यांवरून पाहिल्यास ‘परिणामकारक’ ठरू शकतात, ही या विषयातील सर्वांत गंभीर बाब आहे. खोट्या घाईमुळे काही ग्राहक खरोखरच लवकर खरेदी करतात. अर्थात परिणामकारकतेची व्याख्या केवळ विक्रीवर आधारली, तर फसवणूक आणि उत्तम रचना यांतील भेदच पुसला जातो. विद्यार्थ्यांना संकेतस्थळरचना शिकविताना ‘किती जणांनी विकत घेतले’ या प्रश्नाबरोबर ‘किती जणांनी समजून विकत घेतले’ हा प्रश्न विचारला जाणे म्हणूनच आवश्यक आहे.

एका आक्षेपाचा विचार

या मांडणीवर असा आक्षेप घेता येईल की, विक्रेता हा समाजसेवक नसून परतीचा भार त्याला परवडला पाहिजे. हा आक्षेप रास्त आहे. परत आलेल्या कपड्याची वाहतूक, तपासणी, इस्त्री आणि नव्याने बांधणी यांचा खर्च विक्रेत्यावर पडतो. काही ग्राहक या सवलतीचा गैरवापरही करतात. दोन मापे मागवून एक परत करण्याची सवय सर्वत्र आढळते. मात्र या सवयीचे मूळ बऱ्याच अंशी परिचयाच्या अपयशात आहे. माप, जाडपणा आणि रंग यांची विश्वसनीय माहिती मिळत नाही, म्हणून ग्राहक घरालाच कपडे घालून पाहण्याची खोली बनवितो. परती अवघड करून हा खर्च काही काळ टाळता येईल, परंतु त्यामुळे पुढील खरेदीचे धैर्य खचते. परिचय सुधारल्यास परतीची गरजच कमी होते. दुसरा आणि तिसरा निकष असे परस्परपूरक आहेत, आणि विक्रेत्याचे व ग्राहकाचे हित येथे एकत्र येऊ शकते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, बू डॉट कॉमच्या अपयशाचे ‘काळाच्या पुढे’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे. त्या काळात उपलब्ध असलेले ज्ञान आणि ग्राहकाची वास्तव साधने यांकडे झालेले दुर्लक्ष हे रचनेच्या अपयशाचे अधिक समर्पक कारण ठरते. दोन, मिंत्राच्या अनुभवावरून असे दिसते की, तंत्र सुधारल्याने हा दोष आपोआप नाहीसा होत नाही. बहुसंख्येच्या आकडेवारीवरून उरलेल्यांचे दार बंद करणे हेही त्याचेच रूप आहे. तीन, भारतीय वस्त्रांच्या, विशेषतः साडीच्या, पारखण्याच्या पद्धती संकेतस्थळाच्या साच्यात अद्याप पुरेशा उतरलेल्या नाहीत. चार, परिणामकारकतेचे मोजमाप विक्रीपुरते मर्यादित ठेवल्यास दिशाभूल करणारी रचनाही उत्तम ठरते. म्हणून ग्राहकाचे ज्ञान आणि त्याचा नकाराचा अधिकार यांचा समावेश मूल्यमापनात अनिवार्य मानला पाहिजे.

महाविद्यालयीन स्तरावर हा विषय शिकविताना वाणिज्य, संगणकशास्त्र, गृहविज्ञान आणि भाषा या विभागांनी एकत्र येण्यास मोठा वाव आहे. कापडाचा पोत गृहविज्ञानाला माहीत असतो, रंगांची नावे भाषेला, पानाचा भार संगणकशास्त्राला आणि परतीचा खर्च वाणिज्याला. विद्यार्थ्यांनी एखादे चालू संकेतस्थळ घेऊन जुन्या फोनवर, मंद जोडणीवर ते उघडून पाहावे. एका साडीचे पान वाचून तिची लांबी, वजन आणि पदराची मागची बाजू कळते काय ते तपासावे, आणि वस्तू परत करण्यास किती पायऱ्या लागतात ते मोजावे. या तीन साध्या चाचण्यांतून संकेतस्थळ कोणाच्या सोयीसाठी रचले आहे, हे त्यांना स्वतःच ठरविता येईल.